आमचं वावर, तुझा नकाशा

रेखाताई,

तू होतीस तोवर मी तुला कधी ताई म्हटलं नाही. अख्खी कॉलनी म्हणायची, म्हणूनच मी म्हणत नव्हते. मी ‘मॅडम’ म्हणायचे आणि त्या एका शब्दात मावेल तेवढा परकेपणा भरायचे. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दुसऱ्याच भेटीत मला ‘मंदा’ म्हणून अगं-तुगंवर आलीस. मला ते आवडलं होतं, पण मी तुला कळू दिलं नाही. आता ऐकायला तू नाहीस, म्हणून मीही ‘तू’ म्हणतेय. हयातीत जमलं नाही ते असं पाठीमागून करतेय.

गेल्या आठवड्यात तुझं जलदान झालं. बुद्धवंदना संपल्यावर एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागला. आपल्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष, खैरनार सर, म्हणाले, “या जमिनीचा कण न् कण रेखाताईंना माहीत होता.” मागच्या गल्लीतली एक जण म्हणाली, “त्या मातीशी बोलायच्या.” मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. ज्या जमिनीबद्दल ही मंडळी बोलत होती तिथं मी अठ्ठावीस वर्षं खुरपलं, टोमॅटोच्या काठ्या रोवल्या, तारा ओढल्या, पाणी भरलं. माझ्या लेकाची झोळी तिथल्या बांधावरच्या बाभळीला बांधलेली असायची. आणि कण न् कण तुला माहीत. मला रडू आलं नाही, ताई. हेवा वाटला. हार घातलेल्या फोटोतल्या बाईचा हेवा. तुझ्या लेकीनं, प्रज्ञानं, येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मावशी दुःखानं गप्प झालीय.

दुःखही होतं. पण ते हेव्याच्या मागे उभं होतं, आणि हेवा बाजूला सरकत नव्हता.

वावराची गोष्ट तुला आईंनी, माझ्या सासूबाईंनी सांगितली. माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस, कारण मी सांगितली नाही. मखमलाबादच्या बाहेर आमचं आठ एकर होतं. फ्लावर, कोबी, टोमॅटो. शहर सरकत सरकत आमच्या बांधाला येऊन टेकलं, तेव्हा ‘विकू या’ असं घरात पहिल्यांदा मी म्हणाले. ह्यांची कंबर गेली होती, लेक नोकरीला हैदराबादला, कामाला माणसं मिळेनात. आणि खरं सांगायचं तर मला त्या मातीचा वीट आला होता. नखांत माती घेऊन जेवायला बसायचा वीट. आईंनी कागदावर अंगठा दिला आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. चहा दे, गोळी दे, दिवा लाव. वावराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

प्लॉट पडले, बंगले झाले. कोपऱ्यातला एक प्लॉट आम्ही ठेवला, त्यावर आमचं घर. घरासमोर बत्तीस गुंठ्यांची ओपन स्पेस, लेआउटमध्ये सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली. सात वर्षं तिथं गाजरगवत आणि बांधकामांचा राडारोडा होता. मग महानगरपालिकेनं कळवलं की इथं बाग करायची आहे, रहिवाशांनी काय हवं ते ठरवून आराखडा द्यावा. आणि तू हातात टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन आमच्या दारासमोर उगवलीस.

तुम्ही एकलहऱ्याच्या क्वार्टर्स सोडून कॉलनीत येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. तू तिथल्या वीज केंद्राच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये ट्रेसर होतीस हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त दिसलं ते असं : पांढऱ्या सुती साडीतली, कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई आमच्या वावरात चुन्याच्या रेघा मारतेय.

“इथं पावसाचं पाणी कुठं तुंबतं हो?” तू मला विचारलंस.

“पावसाळ्यात या, दिसेल,” मी म्हणाले.

मी घरात वळणार तोच ओट्यावरून आई बोलल्या, “ए बाई, इकडं ये. मी सांगते. पाणी वरल्या अंगानं येतं अन् गंगेकडं, नदीकडं उतरतं. तू उभी हाय ना, तिथंच डबकं व्हतं. लय फ्लावर सडलाय तिथं.”

सात वर्षांत वावराबद्दल आईंच्या तोंडून निघालेलं ते पहिलं बोलणं, आणि ते तुझ्याशी. मी दारातच उभी राहिले. तू बूट काढून ओट्यावर चढलीस आणि सरळ त्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसलीस, जशी काही रोजच येतेस.

मग रोजच यायला लागलीस. जेवणं आटोपली की मांडीवर फळी, फळीवर ट्रेसिंग पेपर. आई सांगायच्या, तू रेघ ओढायचीस. कुठं चिंच होती, कुठं मोटेच्या बैलांची धाव होती, कुठल्या पट्टीत मुरूम आणि कुठल्या पट्टीत काळी. मी आत चहा टाकायचे आणि ऐकायचे. आई हसायच्या. माझ्या लग्नाला पस्तीस वर्षं झालीत, त्या इतक्या मोठ्यानं हसतात हे मला माहीत नव्हतं. कधी चहा घेऊन बाहेर आले की तुम्ही दोघी गप्प व्हायच्यात. तू माझ्यासाठी सरकून जागा करायचीस. “बस ना, मंदा.” मी म्हणायचे, “कामं आहेत.” कसली कामं होती? तीन माणसांचं आवरून झालेलं घर. मी आत जाऊन डबे पुसायचे.

एक दिवस तू पहिला पुरा नकाशा आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलास. चालायचा रस्ता, झाडं, म्हाताऱ्यांसाठी पार, मुलांसाठी वाळूचा खड्डा, आणि कडेला रेघारेघांचे वाफे. जुन्या पट्ट्यांची नावं तू बारीक अक्षरात लिहिली होतीस. चिंचेचा तुकडा. वरली पट्टी. आणि पूर्वेकडच्या एका लांबट पट्टीवर, मंदाची पट्टी.

“हे काय?” मी विचारलं.

“आई तसंच म्हणतात. तू लग्न होऊन आलीस त्या साली तिथं तुझ्या हातानं मिरची लावलीस म्हणे. तेव्हापासून घरात सगळे मंदाची पट्टीच म्हणायचे.”

“माझ्यासमोर कधी कोणी म्हटलं नाही.”

तू पेन्सिल खाली ठेवलीस. “सुनेसमोर कोण म्हणतं गं?”

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. तुला वाटलं असेल आनंदानं. आनंद होताच. पण संताप त्याहून मोठा होता. माझ्या सासूचं माझ्यावरचं प्रेम माझ्यापर्यंत यायला पस्तीस वर्षं लागली, आणि आलं ते तुझ्या अक्षरात. तुझं ते नेमकं, ठसठशीत, ट्रेसरचं अक्षर. त्या दिवशी मला ते पुसून टाकावंसं वाटलं होतं.

नकाशा गुंडाळताना तू जे बोललीस तेही मला आठवतं. “बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढल्या, मंदा. इंजिनियरनं काढायचं, आम्ही गिरवायचं. हा पहिला नकाशा माझा.” तुझ्या तोंडावर जे होतं ते मी कधी कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं, आरशात तर नाहीच. साठीला आल्यावर माणसाला असं काही मिळू शकतं, हे बघून मला तुझा जेवढा हेवा वाटला तेवढा आईंच्या हसण्याचाही वाटला नव्हता.

भांडण झालं ते वाफ्यांवरून. गणपतीच्या शेडमध्ये कॉलनीची बैठक होती. तुझं म्हणणं, चार-पाच गुंठ्यांत वाफे पाडायचे, ज्याला हौस असेल त्याला एकेक द्यायचा. मेथी लावा, वांगी लावा. कॉलनीतल्यांनाही द्यायचा आणि मागच्या चाळीत राहणाऱ्या बायकांनाही. लोक कुजबुजले. खैरनार सरांना लॉन हवं होतं, व्यायामाची यंत्रं हवी होती. मलाही लॉन हवं होतं. मऊ, हिरवं, ज्यात कोणाला वाकायला लागत नाही असं. मी उठले. बैठकीत मी कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलले.

“ज्यांनी जन्मात खुरपं धरलं नाही त्यांना वावराचं कौतुक असतं,” मी म्हणाले. “मॅडमना नकाशात वाफे छान दिसतात. कंबर आमची गेलीय.”

लोक हसले. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. अख्ख्या कॉलनीत तुझ्यावर मात केल्याचा तो एकच क्षण माझ्या वाट्याला आला, आणि मला तो गोड लागला. तू कागद गोळा केलेस.

शेडच्या बाहेर तू माझ्यासाठी थांबली होतीस. आवाज चढवला नाहीस.

“खुरपं माझ्या आईनं धरलं होतं, मंदा. नामपूरकडं, कांद्यात. रोजानं. मी तिच्या मागे मागे फिरायचे. एकदा मी बांधाच्या कडेला चिंचोके पुरले, उगवून आले. आई म्हणाली, उपटून टाक. आपलं काय शे आठे?” मग तू अर्थ सांगितलास. “इथं आपलं काय आहे, असं. तेवढंच बोलली आणि स्वतःच उपटून टाकले. म्हणून मला वाफे पाहिजेत. ज्यांचं काहीच नाही त्यांना बोटभर तरी. तुझी कंबर गेली हे मला दिसतं गं. पण तुझी कंबर तुझ्या वावरात गेली.”

एवढं बोलून तू निघून गेलीस. मी स्कूटीपाशी उभी राहिले. किल्ली हातात होती आणि ती कुठं लावायची हे सुचेना.

आमच्या वावरात खुरपायला बायका यायच्या. त्यांना पाणी वरून ओंजळीत द्यायचं, आईंनी मला आल्या आल्या शिकवलं होतं. मी शिकले. कित्येक वर्षं तसंच दिलं. नंतर ते हळूहळू सुटलं, कोणी सोडलं म्हणून नाही, काळ बदलला म्हणून. त्या बायकांतली एखादी तुझ्या आईसारखी असेल, हे त्या दिवशी स्कूटीपाशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. आणि मग वाटलं, आईंच्या मांडीला मांडी लावून तू बसतेस, त्यांच्या वाटीतला सांजा खातेस, तुला हे ठाऊक असेल का?

ठाऊक होतं. जलदानाच्या दिवशी प्रज्ञानं सांगितलं. “आजींनी आईला ते स्वतःहून सांगितलं होतं, मावशी. ओंजळीचं. म्हणाल्या, माझ्या हातनं वाईट झालं, तू मनात ठेवू नको. आईनं घरी येऊन मला ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्याकडे आली.”

शहाऐंशी वर्षांच्या, अंगठा उठवणाऱ्या माझ्या सासूला जे जमलं ते मला जमलं नाही. त्यांचाही हेवा वाटला मला. बघ, किती पसरलंय हे.

मी तुझी माफी मागितली नाही. तू आजारी पडलीस तेव्हा मागायची ठरवून दवाखान्यात आले होते. पिशवीत डाळिंबाचा रस होता, वाक्य पाठ करून आणलं होतं. खोलीत एवढी माणसं की मला दाराशीच थांबावं लागलं. एकलहऱ्याच्या मैत्रिणी, भाचे, कॉलनीतली निम्मी मंडळी, मागच्या चाळीतल्या दोघी. मी मनात म्हणाले, मी पडले तर कोण येईल? हे आणि लेक, तोही सुट्टी मिळाली तर. तू मला पाहिलंस आणि हातानं खुणावून पलंगावर बसवलंस. नाकात नळी होती. म्हणालीस, “पूर्वेच्या वाफ्यांना दुपारपर्यंत ऊन मिळत नाही. नव्या बंगल्याची सावली येते. तुझी पट्टीच चांगली राहील. महानगरपालिकेच्या इंजिनियरला सांग.”

मी म्हणाले, “माझी पट्टी पूर्वेलाच आहे, मॅडम.”

तू डोळे मिटून हसलीस. “बघ. ज्याचं त्यालाच माहीत.”

पाठ केलेलं वाक्य तेव्हा म्हणता आलं असतं. नर्स आली, तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मी सगळ्यांत आधी उठले. रस तसाच परत आणला. ह्यांनी प्यायला.

आता रविवारचं सांगते, कारण ते तुला माहीत असायला हवं.

खैरनार सरांनी बैठक बोलावली. आराखडा त्या आठवड्यात द्यायचा होता. सर म्हणाले, “बागेला रेखाताईंचं नाव देऊ या.” सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींचे डोळे भरून आले. मग सर नकाशा पुढे ओढून म्हणाले, “फक्त हे वाफे काढून तिथं लॉन करू. मेन्टेनन्सचा प्रश्न येतो, बाहेरची माणसं येणार, कटकट. लॉनच्या मधोमध ताईंच्या नावाचा दगड बसवू. छान दिसेल.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं तर आधीपासून हेच म्हणणं होतं, मंदाताई. तुम्हीच मांडा.”

ताई, मला काय वाटलं सांगू? तुझ्याबद्दल माया दाटून आली असं लिहिलं तर बरं दिसेल. तसं झालं नाही. मला राग आला. हे भांडण तुझं आणि माझं होतं. मी खुरपून कंटाळलेली, तू खुरपायला जमीन नसलेली. त्यात हे कोण मधे आले? यांनी ना खुरपं धरलंय, ना यांच्या आईनं धरलंय. मला तुझ्याशी हरायचं नव्हतं, पण यांच्या हातून जिंकायचं तर मुळीच नव्हतं.

“वाफे राहतील,” मी म्हणाले.

सरांना वाटलं मी नीट ऐकलं नाही. “तुम्ही तर लॉन म्हणाला होतात.”

“म्हणाले होते. आता म्हणत नाही. वाफे राहतील, चाळीतल्या बायकांनाही मिळतील. फक्त पूर्वेला नको, तिथं दुपारपर्यंत सावली असते. वरल्या पट्टीत करा. तिथं काळी आहे, हातभर खोल. मी दाखवते कुठून कुठपर्यंत.”

सर काही बोलणार होते. मी बोलू दिलं नाही. “आणि नाव नको.”

कोणीतरी विचारलं, “का? ताईंना आवडलं नसतं म्हणून?”

“त्यांना आवडलं असतं की नाही मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मला नाही आवडणार. रोज सकाळी दार उघडल्यावर समोर त्यांचं नाव बघायचं, मला नाही जमणार.”

लोकांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की मला तुझं दुःख सोसवणार नाही. दोघीजणींनी माझा हात धरला. मी खुलासा केला नाही. अर्धा अर्थ खरा होता. नकाशा वाफ्यांसकट गेला, नावाची जागा कोरी ठेवून. नाव नंतर पडेलच काहीतरी. ते तुझं पडू नये म्हणून मी पुन्हा भांडेन, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

घरी आले तेव्हा दुपार टळत होती. आई ओट्यावर होत्या. त्यांना आम्ही तू गेल्याचं सांगितलं नव्हतं. ऐकू कमी येतं, उठून कुठं जात नाहीत, तेव्हा ‘लेकीकडं गेलीय’ एवढ्यावर दोन आठवडे भागलं होतं. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय असं मी ह्यांना म्हणत होते. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मला भीती होती, त्या तुझ्यासाठी किती रडतील ते मला बघावं लागेल.

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “आई, रेखाताई गेल्या. दवाखान्यात होत्या.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत राहिल्या, जिथं चुन्याच्या रेघा पार पुसट झाल्यात तिकडं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “आता दुपारचं कोण येईल?”

“मी आहे ना, आई.”

त्यांनी मान वळवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू तर हायसच.”

त्यात काय होतं, मला अजून कळलेलं नाही. तू आहेस, तुझं काय एवढं, असं होतं, की तू आहेस म्हणून मी आहे, असं होतं? तू असतीस तर तुला विचारलं असतं. आईंच्या बोलण्याचा अर्थ तुला लगेच कळायचा, आणि तू मला सांगितला असतास, आणि तुला तो कसा कळला म्हणून मी पुन्हा तुझ्यावर जळले असते. आता विचारायला कोणी नाही. जेवणं आटोपली की मी ओट्यावर जाऊन बसते. आई काही बोलत नाहीत, मीही नाही. काल त्यांनी पाय पसरले आणि माझ्या मांडीवर ठेवले. मी तळवे चोळत राहिले, आणि त्या तशाच झोपून गेल्या.